तेल घातलेला मायक्रोस्कोप

मायक्रोस्कोपला तेल घालायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज कोणाला वाटली नसेल. माझ्याशिवाय वर्गात कोणाच्या डोक्यात ते आलंही नसतं.

मी नाटे गावचा. आमची मासेमारीची छोटी बोट आहे. घर किनाऱ्यालगत, आणि तिथली खारी हवा लोखंडाला सोडत नाही. दाराच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, विळीचं पातं, बोटीच्या इंजिनाचे बोल्ट, सगळ्यावर गंज चढतो. म्हणून आमच्या दारामागे एका खिळ्याला तेलाची बाटली टांगलेली असते. एखादी वस्तू कुरकुरली की जो जवळ असेल तो उठतो आणि दोन थेंब सोडतो. कोणी कोणाला विचारत नाही. माझ्या आधी घरातलं कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, पण कुरकुरणाऱ्या वस्तूला तेल घालायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

बारावीनंतर मी रत्नागिरीला बीएस्सीला आलो. बंदराजवळ आत्याकडे राहायची सोय झाली. निघायच्या आधी बाबा ओट्यावर जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर न करता एक अट सांगितली.

"शिक. मी नाय म्हणत नाय. पण एका जरी विषयात अडकलास तर मग बोटीवर यायचा. अर्धा इथे, अर्धा तिथे, असा नको."

"बरं," मी म्हणालो.

ते धमकी देत नव्हते. आमच्याकडे आता खलाशी नेपाळहून येतात. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की ते गावी जातात, आणि ऑगस्टमध्ये बोट पाण्यात घालायची वेळ येते तेव्हा त्यातले सगळेच परत येतात असं नाही. फोन लागत नाही, किंवा लागतो आणि पलीकडून कोणीतरी सांगतं की तो दुसऱ्या बोटीवर गेला. बाबांना दरवर्षी एका माणसाची चणचण असते. तो माणूस मी होऊ शकत होतो. ते बोलून न दाखवता त्यांनी मला कॉलेजात पाठवलं, याचं ओझं मी घेऊन आलो. आपण पास झालो तर सुटलो, नाहीतर बोट, एवढाच हिशोब तेव्हा माझ्या डोक्यात होता.

वनस्पतिशास्त्राचं पहिलं प्रॅक्टिकल मायक्रोस्कोपचं होतं. मायक्रोस्कोप कमी, मुलं जास्त, म्हणून रोल नंबरप्रमाणे दोघांत एक. माझ्या वाट्याला खिडकीजवळचं शेवटचं टेबल आलं आणि जोडीला रत्नागिरीतलीच एक मुलगी. तिचे आईवडील दोघंही शिक्षक. तिने शाळेत मायक्रोस्कोप पाहिला होता. मी फक्त पुस्तकात चित्र पाहिलं होतं, त्यातही बाणांवरची नावं पाठ केली होती, वस्तू नाही.

मॅडमनी एकेक भाग हात लावून दाखवला. हा खालचा जड भाग म्हणजे बेस. ही वाकडी दांडी म्हणजे आर्म. उचलताना एक हात दांडीला, एक हात बेसखाली, लहान मूल उचलतात तसं. हा आरसा, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने खोलगट. हे स्टेज, यावर काच ठेवायची. स्टेजखाली उजेड कमीजास्त करायचं डायफ्रॅम. शाळेत मी डायफ्रॅम म्हणजे श्वासाचा पडदा असं शिकलो होतो. तो इथे कसा आला, हे विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. वर नळी. नळीच्या वरच्या टोकाला डोळा लावायचं भिंग, खालच्या टोकाला फिरणारी चकती आणि तिच्यात लहानमोठी भिंगं.

"आणि हे दोन स्क्रू," मॅडम म्हणाल्या. "मोठा फिरवला की नळी भराभर वरखाली होते. लहान फिरवला की केसभर सरकते. नळी खाली नेताना बाजूने बघायचं, भिंग काचेला टेकतंय का ते. आत डोळा लावून फक्त वर न्यायची. हे विसरलात तर स्लाइड फुटेल, आणि भिंगही."

माझी पाळी आली तेव्हा मला काही दिसलं नाही. काळं, मग पांढरं, मग मोठाल्या काळ्या गवताच्या काड्यांसारखं काहीतरी.

"दिसलं?" शेजारणीने विचारलं.

"गवतासारखं काहीतरी आहे."

"त्या तुझ्या पापण्या आहेत. डोळा एवढा घट्ट नको लावूस."

मी जरा मागे झालो. उजेडाचं एक गोल तोंड दिसलं. मग मोठा स्क्रू फिरवत नळी वर नेली, तेव्हा त्या गोलात कांद्याचा पापुद्रा उभा राहिला. ताणून धरलेल्या जाळ्यासारखा, एकाला लागून एक घर, आणि प्रत्येक घरात एक ठिपका. शेजारीण म्हणाली, "आता मला बघू दे की." मला उठावंसं वाटत नव्हतं.

पण आमच्या मायक्रोस्कोपचा मोठा स्क्रू फार घट्ट होता. फिरवताना कुरकुरायचा, अडायचा आणि मग एकदम झटका देऊन सरकायचा. चित्र हातात यायचं आणि झटक्याने निसटायचं. प्रयोगशाळेत सामान देणारे एक मामा आहेत, त्यांना मी सांगितलं.

"कोकणातली हवा," ते म्हणाले. "जरा दमानं फिरव."

पुढच्या आठवड्यात मी आत्याच्या शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली दप्तरात घालून नेली. तास सुरू व्हायच्या आधी पोचलो. नळीच्या मागे दातेरी पट्टी असते, स्क्रू फिरवला की तिच्यावरून नळी चढते उतरते. त्या पट्टीवर मी वरपासून खालपर्यंत तेल सोडलं. स्क्रूच्या दांड्यावर दोन्ही बाजूंनी सोडलं. नळी दहाबारा वेळा वरखाली केली, बाबा नवीन बेअरिंगला करतात तसं. कुरकुर थांबली.

शेजारीण आली. "हे काय करतोयस?"

"तेल घातलं."

"विचारलंस कोणाला?"

"त्यात विचारायचं काय?"

तिने स्क्रू फिरवून पाहिला. "अरे, लोण्यासारखा चालतोय. माझ्या स्कूटीच्या स्टँडला पण घाल जाताना."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या खोलीत माझाही काही उपयोग आहे. ते वाटणं जेमतेम मॅडमची हजेरी घेऊन होईपर्यंत टिकलं.

स्लाइड ठेवली, चित्र स्पष्ट केलं, पेन्सिल घ्यायला हात काढला. पुन्हा डोळा लावला तर सगळं धुरकट. वाटलं, आपलाच हात हलला. पुन्हा जुळवलं, हात काढला, पुन्हा धूर. मी बाजूने बघायचं विसरून आतच बघत राहिलो, आणि बारीक 'टक' असा आवाज आला. नळी आपल्या वजनाने खाली सरकत सरकत काचेवर येऊन बसली होती. वरची पातळ काच तडकली होती.

मॅडम आल्या. त्यांनी नळी वर नेली आणि सोडली. आम्ही सगळ्यांनी तिला हळूहळू खाली येताना पाहिलं.

"काय केलंत याला?"

"मी केलं, मॅडम. तेल घातलं."

"कसलं तेल?"

"शिलाई मशीनचं."

मागून हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बोट लावून पट्टीवरचं तेल पाहिलं.

"ही नळी जिथे सोडू तिथे राहावी म्हणून आत जाड ग्रीस असतं. त्याच्या अडण्यावरच ती उभी असते. तू ते पातळ करून टाकलंस."

"पण मॅडम, कुरकुरत होता."

"मग कुरकुरू दे ना."

आमच्या घरात हे वाक्य कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मामांनी स्पिरिटने पट्टी पुसून पाहिली. मोठ्या स्क्रूला दोन्ही बाजूंनी मुठी असतात, त्या एकमेकींच्या उलट पिळल्या की पकड आवळते म्हणे, तेही करून पाहिलं. पण आतले आटे झिजलेले होते, आजवर त्या जुन्या ग्रीसनेच सगळं धरून ठेवलं होतं. दुरुस्ती करणारा माणूस कोल्हापूरहून वर्षातून एकदा येतो, परीक्षा झाल्यावर. मॅडमनी कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखं केलं.

"मग तोपर्यंत यावर तूच बस," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला कशाला त्रास."

त्यांनी शेजारणीला पुढच्या टेबलावर तिसरी म्हणून बसवलं. सगळ्या बॅचमध्ये एकट्याचा मायक्रोस्कोप फक्त माझा.

"व्हीआयपी आहे बाबा," मुलं म्हणायची. "आम्ही दोघा-तिघांत एक, ह्याला स्वतंत्र." आणि माझ्या टेबलावरून 'टक' ऐकू आलं की कोणीतरी न वळता विचारायचं, "काय रे, बुडाली काय बोट?" मी हसायचो. न हसून काय करणार?

मग माझा डावा हात त्या मायक्रोस्कोपचाच झाला. डाव्या बाजूचा स्क्रू अंगठा आणि दोन बोटांत धरायचा आणि धरूनच ठेवायचा. घट्ट धरला तर चित्र वर पळतं, सैल सोडला तर खाली बुडतं. करंगळी दांडीला टेकवली की हात थोडा स्थिर राहतो, हे मला बऱ्याच दिवसांनी सापडलं. स्लाइड सरकवायची तर उजव्या हाताने. चित्र काढायचं तर त्याच हाताने. कागद धरायला तिसरा हात नाही, म्हणून कागदावर कंपासपेटी ठेवायची, तरी तो पेन्सिलीबरोबर फिरायचा. डावा डोळा भिंगात, उजवा कागदावर. अर्ध्या तासात दंडापासून मुंग्या यायच्या. खाज सुटली तरी हात सोडता येत नाही. कोणी हाक मारली तर मान वळवता येत नाही. दुपारी खिडकीतून आत येणारा उजेड आरशात असायचा, आणि त्याच खिडकीतून बाहेर मुलं चहाला जाताना दिसायची.

माझं जर्नल परत यायचं तेव्हा प्रत्येक आकृतीखाली लाल अक्षरात लिहिलेलं असायचं, 'अस्पष्ट, पुन्हा काढा.' पुन्हा काढायची तर पुन्हा तिथेच बसायचं.

शेजारीण एकदा म्हणाली, "सांग ना मॅडमना. आमच्याबरोबर बस, चौघे होऊ."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो ना."

मी खरंच स्टाफरूमपर्यंत गेलो. मॅडम जर्नलांच्या ढिगामागे बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय रे?" त्यांचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. मला वाटलं, मी मोडलं आणि मीच तक्रार घेऊन आलो. आमच्याकडे ज्याच्या हातून दोर तुटतो तोच तो जोडत बसतो. "जर्नल सोमवारी द्यायचं की मंगळवारी?" एवढंच मी विचारलं आणि ठरलेला सोमवार ऐकून परत आलो.

नाताळच्या सुट्टीत घरी गेलो. सकाळी बाबांबरोबर खाडीच्या तोंडापर्यंत छोट्या होडीने गेलो. मागे बसून इंजिनाचा दांडा मी धरला होता. बाबांनी बघितलं की मी डावा हात सारखा झटकतोय.

"हाताला काय झाला?"

मी सांगितलं. सगळं नीट सांगायला वेळ लागला, कारण मायक्रोस्कोप म्हणजे काय इथपासून सुरुवात होती. आरसा, काच, नळी, स्क्रू. ते ऐकत होते.

"तेल घातला म्हणून बिघडला?"

"हो."

"असा कसा यंत्र?"

"ते घट्टच लागतं, बाबा. घट्ट असतं म्हणून उभं राहतं."

बाबांनी जरा विचार केला. "म्हंजे तुला हात लावूनच ठेवायला लागतो?"

"हो."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"मग सुकाणूच की तो," ते म्हणाले आणि हसले. "सोडलास की गेला."

मलाही हसू आलं. खरं तर एक गोष्ट मला इतरांपेक्षा सोपी जात होती, आणि ती सुकाणूमुळेच. भिंगातून सगळं उलटं दिसतं. स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे जातं. बाकीची मुलं त्यात गोंधळायची, एक पेशी शोधताना काचेच्या बाहेर जाऊन पोचायची. मला लहानपणापासून दांडा डावीकडे ढकलून होडी उजवीकडे न्यायची सवय. माझा हात आपोआप उलटा जायचा. पण त्याचे मार्क नसतात.

परतताना बाबांनी विचारलं, "परीक्षेला पण तोच?"

"बहुतेक तोच. नंबर टेबलाला चिकटवलेले असतात."

"यंदा दोघं जातो म्हणतायत," ते म्हणाले. खलाशांबद्दल. मग म्हणाले, "बघ तू. हात जपून वापर." बोट आणि परीक्षा, दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात ठेवल्या, आणि दोन्हींमध्ये मी बसलेला होतो.

परीक्षेच्या दिवशी माझा नंबर त्याच टेबलावर होता. मायक्रोस्कोपची नळी स्टेजवर मान टाकल्यासारखी खाली आलेली. मामांनी कोणाचं लक्ष नाही असं बघून विचारलं, "जमेल ना?" मी मान हलवली.

प्रश्न असा होता की एका जांभळ्या पानाच्या खालच्या बाजूचा पापुद्रा काढायचा, स्लाइड करायची, मोठ्या भिंगाखाली पर्णरंध्रं दाखवायची आणि आकृती काढून भागांना नावं द्यायची. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले होते. केस पांढरे, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. ते प्रत्येक टेबलाशी जायचे, चष्मा काढायचे, आत बघायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि पुढे जायचे.

पापुद्रा चांगला निघाला. लहान भिंगात जांभळ्या फरशा दिसल्या आणि त्यांत मधेमधे हिरवी तोंडं. मोठं भिंग फिरवलं. मोठ्या भिंगात स्लाइड आणि भिंग यांच्यात अंतर जवळजवळ उरतच नाही. हात श्वासाएवढाही सैल झाला तर टक. मी करंगळी दांडीला लावली आणि एक पर्णरंध्र गोलाच्या बरोबर मध्ये आणलं. दोन हिरव्या घेवड्याच्या दाण्यांसारख्या पेशी, समोरासमोर वाकलेल्या, मधे फट. इतकं स्वच्छ मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. उजव्या हाताने आकृती काढली. कागद फिरला, एक रेघ वाकडी गेली, पण निघाली.

मग मला वाट बघायची होती. परीक्षक पहिल्या टेबलापासून येत होते आणि माझं टेबल शेवटचं. हात सोडून पुन्हा जुळवता आलं असतं, पण पापुद्रा वाळत होता आणि ते मधलं पर्णरंध्र पुन्हा सापडेल याची खात्री नव्हती. मी धरून बसलो. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, आणि ते मला जास्त वाईट वाटलं, कारण आता ती काय करतायत हे मला कळत नव्हतं. मी डोळा भिंगातून काढला नाही. चित्र आहे तोवर हात आहे.

"हं, दाखव," आवाज आला. मॅडम परीक्षकांच्या मागे उभ्या होत्या.

मी उठलो, पण डावा हात तिथेच ठेवून. त्यामुळे अर्धवट वाकून उभा राहिलो.

"हात काढ."

"सर, काढला तर दिसणार नाही."

"म्हणजे? तू फोकस केलंयस ना?"

"केलंय, सर."

"मग हात काढ. विद्यार्थी बाजूला झाल्यावर जे दिसतं त्याला आम्ही मार्क देतो."

मी मॅडमकडे बघितलं. त्या बोलतील असं वाटलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग हातातल्या कागदांकडे बघितलं. परीक्षेला बिघडलेला मायक्रोस्कोप ठेवला हे त्यांना कसं सांगता येणार, हे मला तेव्हाही कळलं. सांगायचं तर मलाच सांगायला हवं होतं, आणि सांगायचं तर तेलापासून सांगायला हवं होतं. पुढच्या टेबलावरची शेजारीण चित्र काढायचं थांबवून बघत होती.

"सर, नळी खाली सरकते," मी म्हणालो. "मी तिला तेल घातलं होतं."

"काय घातलं होतं?"

"तेल. घट्ट होती म्हणून."

कोणी हसलं नाही. परीक्षकांनी चष्मा काढला, स्टुलावर बसले आणि माझा हात तिथे असतानाच डोळा लावला. त्यांचा गाल माझ्या मनगटाला लागत होता. ते बराच वेळ बघत होते.

"छान आहे," ते म्हणाले. डोळा न काढता पुढे म्हणाले, "आता सोड."

"सर, फुटेल."

"सोड, मी बघतो."

मी बोटं उघडली. ती लगेच उघडली नाहीत. परीक्षकांना आत काय दिसलं असेल ते मला माहीत आहे, मी ते वर्षभर पाहिलं होतं. आधी कडा मऊ होतात, मग हिरवं आणि जांभळं एकमेकांत मिसळतं, मग सगळं धुक्यात जातं. एका क्षणात त्यांचा उजवा हात वर आला आणि त्यांनी पलीकडचा स्क्रू पकडला. माझ्या डोळ्यांसमोर ते बोटांनी चाचपडले, घट्ट धरला, जरा सैल केला, पुन्हा धरला. चित्र परत मिळवलं असावं, कारण खांदे खाली आले. पण आता त्यांनाही हात काढता येईना.

"नेहमी असंच करतोस?" त्यांनी भिंगातच बघत विचारलं.

"हो सर."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आकृत्या कशा काढल्यास?"

"उजव्या हाताने, सर."

तसेच बसून त्यांनी मला प्रश्न विचारले. मधल्या फटीचं काम काय. बाजूच्या पेशी फुगल्या की काय होतं. मी सांगितलं की त्या फुगल्या की फट उघडते आणि पाणी कमी झालं की मिटते. इंग्रजी शब्द एक आठवला नाही, तो मी मराठीत सांगितला. त्यांनी मान हलवली, म्हणजे भिंगावर डोळा ठेवून जेवढी हलवता येते तेवढी. मग त्यांनी नळी वर नेली, बोटं उघडमीट केली आणि उठले.

"मॅडम, हा जरा दुरुस्त करून घ्या," एवढंच ते म्हणाले. मॅडम "हो सर" म्हणाल्या. जाताना त्या माझ्या टेबलाशी क्षणभर थांबल्या. मला वाटलं काही म्हणतील. त्यांनी माझ्या कागदावरची कंपासपेटी उचलून बाजूला ठेवली आणि कागद घेऊन गेल्या.

निकाल लागला तेव्हा मी घरी होतो. पावसाळा सुरू झाला होता, बोट वर ओढून झाकलेली होती. मोबाइलवर पान उघडायला वेळ लागत होता आणि बाबा दारात उभे राहून बाहेर बघितल्यासारखं करत होते. सगळे विषय सुटले होते. प्रॅक्टिकलचे मार्क फार नव्हते, पण होते.

"सुटलास?"

"सुटलो."

"मग झाला," ते म्हणाले. आणि आत गेले. आतून आईला सांगताना त्यांचा आवाज ऐकू आला, तो खूश होता. पण मी ओट्यावर बसलो तेव्हा समोर झाकलेली बोट होती. पास झालो की सुटलो असं मी वर्षभर धरून चाललो होतो. पुढे ऑगस्टमध्ये दोघांपैकी एकच खलाशी परत आला. बोट पाण्यात घातली तेव्हा मी कॉलेजात होतो. आत्या म्हणाली की बाबांनी माझ्या चुलतभावाला बोलावलं, तो कामाला नवीन आहे, पण शिकेल. मी "बरं झालं" म्हणालो.

दुसऱ्या वर्षाची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर आहे. तिथले मायक्रोस्कोप नवीन आहेत. आरसा नाही, खाली दिवा आहे. नळी हलत नाही, स्टेज वरखाली होतं. पहिल्या दिवशी मी चित्र जुळवलं, डावा हात स्क्रूवर ठेवला आणि उजव्या हाताने पेन्सिल घेतली. शेजारीण पुन्हा माझ्या जोडीला होती.

"हात काढ की," ती म्हणाली. "हा नाही पडत."

मी काढला. चित्र तसंच राहिलं. कडा धारदार, रंग जागच्या जागी. मी पेन्सिल घेतली, पण कागदाकडे बघवेना. आता सरकेल, आता धूसर होईल, असं वाटून मी डोळा लावून बसून राहिलो. ते सरकलं नाही. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा माझा कागद कोरा होता आणि डावा हात टेबलावर, त्या स्क्रूपासून बोटभर अंतरावर, अर्धा मिटलेला.

"काढली नाहीस आकृती?" तिने विचारलं.

"पुढच्या वेळी काढतो," मी म्हणालो.